सही नाही, पण खोडाही नाही

कम्युनिस्टांशी वाटाघाटी करणारे 'विकले गेले' आणि न करणारे 'आडमुठे', एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा संपते. त्या सगळ्यांनी हंगेरीचं १९८९ एकदा नीट वाचावं.

मार्चमध्ये तिथल्या विरोधी संघटनांनी स्वतःचं गोलमेज, म्हणजे एकत्र ठरवण्याचं व्यासपीठ, उभं केलं. निर्णय एकमतानंच घ्यायचा, म्हणजे सत्ताधाऱ्यांना एकेकाला बाजूला घेऊन फोडता येणार नाही. पण त्यामुळे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकारही आला. जूनपासून सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाशी बोलणी सुरू झाली आणि सप्टेंबरपर्यंत सहा कायद्यांचे मसुदे तयार झाले. घटनादुरुस्ती, घटना न्यायालय, राजकीय पक्ष, निवडणूक आणि फौजदारी कायद्यातले दोन बदल. हे थोडंथोडकं नव्हे.

अडलं ते एकाच जागी: आधी राष्ट्राध्यक्ष की आधी संसद? आधी थेट अध्यक्ष निवडला असता, तर सुधारणावादी कम्युनिस्ट इम्रे पोझगाई यांच्याइतका ओळखीचा चेहरा विरोधकांकडे नव्हता. विरोधकांतल्याच डेमोक्रॅटिक फोरमला ते चालणार होतं; १९८७ च्या लाकितेलेक गावातल्या बैठकीपासून पोझगाईंशी त्यांचं जमत होतं. फ्री डेमोक्रॅट्स आणि फिदेस (हो, पुढे पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ऑर्बानचंच) या दुसऱ्या दोन विरोधी पक्षांना ते मान्य नव्हतं.

१८ सप्टेंबरला या दोघांनी सही नाकारली, पण नकाराधिकार वापरला नाही. माझ्या मते सगळी करामत इथे आहे. खोडा घातला असता तर सहाही कायदे बुडाले असते. उरलेला वाद त्यांनी थेट मतदारांपुढे नेला. सार्वमतासाठी १ लाख सह्या लागत होत्या, २ लाखांहून जास्त जमल्या. अध्यक्षाच्या प्रश्नाला तीन लोकप्रिय प्रश्न जोडले: कामाच्या ठिकाणच्या पक्षशाखा हटवा, पक्षाच्या मालमत्तेचा हिशेब द्या, कामगार रक्षक दल (पक्षाचं सशस्त्र दल) बरखास्त करा. प्रचार सोपा: चार वेळा 'हो'.

२६ नोव्हेंबरला पहिल्या तिन्हींना सुमारे ९५ टक्के 'हो' मिळाले. चौथ्याला, म्हणजे 'अध्यक्ष संसदेच्या निवडणुकीनंतरच निवडायचा का?' याला, ५०.०७ टक्के, म्हणजे जेमतेम ६ हजार मतांची आघाडी!

आणि फोरमनं काय केलं? बहिष्कार. निम्म्याहून कमी मतदान झालं तर सार्वमतच बाद, हा हिशेब. मतदान झालं ५८ टक्के. घरी बसवलेल्या समर्थकांतले थोडे जरी 'नाही' म्हणून आले असते, तरी चौथा प्रश्न पडला असता.

१९९० ची निवडणूक फोरमनंच जिंकली. मग फ्री डेमोक्रॅट्सशी करार करून त्यांच्याच आर्पाद गोंत्स यांना संसदेतून राष्ट्राध्यक्ष केलं. त्याच जुलैत थेट निवडणुकीसाठी पुन्हा सार्वमत झालं, तेव्हा मतदान झालं जेमतेम १४ टक्के.