गाडीला रिकामे बसवत नाही

आमच्या गाडीला धावण्याचा त्रास कधीच नव्हता. 1997 सालची ही कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण संगणकाविना करणारी, गाडी आजही चार माणसे, आंब्याच्या दोन पेट्या आणि सासूबाईंची ट्रंक घेऊन कात्रजचा घाट बिनतक्रार चढते. तिला जमेनासे झाले होते ते फक्त उभे राहणे. नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक लावून मी गियर काढला, की इंजिनाचा आवाज पायरी पायरीने खाली उतरे, स्टिअरिंगला हिवतापासारखी थंडी वाजू लागे, बॅटरीचा तांबडा दिवा लुकलुके आणि हिरवा सिग्नल मिळायला नेमके तीन सेकंद उरले असताना गाडी शांतपणे डोळे मिटे. त्यानंतरची शांतता मात्र फक्त गाडीच्या आत असे. मागे उभ्या असलेल्या पुणेकरांनी हॉर्नच्या माध्यमातून माझ्या कुळाचा जो उद्धार केला, त्यात आजोळही सुटले नाही.

हे दुखणे सुरू झाले त्याच वर्षी मार्चअखेर मी निवृत्त झालो होतो. ‘अहो, तुमच्यासारखंच तिलाही रिकामं बसवत नाही,’ असे निदान सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात केले. पुढे झालेला खर्च पाहता तपासणी तेथेच थांबवणे शहाणपणाचे ठरले असते.

इंजिन कोणतेही काम न करता नुसते चालू राहते त्या वेगाला मेकॅनिक मंडळी ‘स्लो’ म्हणतात. आमच्या गाडीचा स्लो मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांच्या आसपास हवा, आणि तो पाचशेच्याही खाली घसरत होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले, कारण या गाडीला फेऱ्या दाखवणारा काटाच नाही. तोवर माझे मोजमाप आरशाला टांगलेल्या गणपतीवर चाले. तो हलकेच डुलत असला म्हणजे काळजी नसे. तो वडिलांचे तांडव करू लागला, की मी उजव्या पायाची टाच ब्रेकवर ठेवून चवड्याने ॲक्सिलरेटर दाबू लागे. एका पायाने गाडी थांबवायची आणि त्याच पायाने तिला जागीही ठेवायची, हे आसन मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी साध्य झाले, याची नोंद आमच्या योगवर्गात कोणी घेतली नाही.

सोसायटीत प्रत्येकाचे निदान तयार होते. एकाने प्लगवर बोट ठेवले, दुसऱ्याने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर, आणि तिसऱ्याने, ज्याच्या गाडीचा स्लो संगणक सांभाळतो आणि ज्याने स्वतःचे बॉनेट आजतागायत उघडलेले नाही, त्याने गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला. वास्तविक पंधरा वर्षे पूर्ण झाल्यापासून मी तिच्या नोंदणीचे तीनदा नूतनीकरण करून घेतले आहे आणि पर्यावरण कर भरला आहे. इतके कागद माझ्या पेन्शनलाही लागले नाहीत. भंगाराचा विषय त्यामुळे मी मिटवून टाकला.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, दोन सेकंद ऐकले आणि ‘काका, स्लो वाढवून देतो,’ असे म्हणून कार्ब्युरेटरच्या बाजूचा एक स्क्रू दीड फेरा पिळला. त्या स्क्रूने कार्ब्युरेटरमधली झडप किंचित उघडी राहते, म्हणजे मी सिग्नलला चवड्याने जे करीत होतो तेच त्याने कायमचे करून ठेवले. इंजिन टिकले, हे खरे. मात्र घरी येऊन मी चावी फिरवली, तरी ते फिरतच राहिले. झडप उघडी असल्यामुळे आत पेट्रोल जात होते आणि तापलेल्या सिलेंडरात ते ठिणगीवाचून आपोआप पेट घेत होते. आठ-दहा गचके देऊन, एक ढेकर काढून गाडी थांबली. आजवर ती न सांगता बंद पडत होती, आता सांगूनही बंद पडत नव्हती. वॉचमन धावत आला, तेव्हा माझ्याविषयी गैरसमज नको म्हणून मी त्याला हातातली चावी दाखवली. त्याने आधी चावीकडे आणि मग हादरणाऱ्या गाडीकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

दुसऱ्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलने धुतला, जेटमध्ये हवा मारली, प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले. एवढे करूनही स्लो बसेना, म्हणून त्याने दुसऱ्या एका स्क्रूने मिश्रणातले पेट्रोल वाढवले. गाडी संथ चालू लागली. मी पेढे आणण्याच्या बेतात होतो, तोच पीयूसीची मुदत संपल्याचे लक्षात आले. या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे आणि आमची गाडी साडेचारच्याही पुढे गेली होती. परत जाऊन पेट्रोल कमी करून घेतले आणि पुन्हा पीयूसीच्या व्हॅनपाशी आलो. मुलाने सायलेन्सरमध्ये नळी सरकवली, गाडीने दोन उसासे टाकले आणि ती बंद पडली. तीन वेळा असे झाल्यावर मी त्याला म्हणालो, की बंद गाडी काडीचेही प्रदूषण करीत नाही, तेव्हा याहून स्वच्छ गाडी त्याला दिवसभरात मिळणार नाही. ‘काका, बंद गाडीचं सर्टिफिकेट निघत नाही,’ असे त्याने अत्यंत आदराने सांगितले.

शेवटी मी नाना पेठेत, जेथे सुट्या भागांच्या दुकानांनी गल्ल्या भरलेल्या आहेत, तेथील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला एकच प्रश्न विचारला: ‘पळताना काही त्रास देते का?’ मी नाही म्हटल्यावर ते हसले. हातभर लांब रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे त्यांनी इंजिनभर फिरवले आणि एका जागी थांबून ते टोक माझ्या कानाला लावले. कोणीतरी दातांतून हवा ओढावी तसा ‘सूं’ असा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी तिथली व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनाची ओढ पोचवणारी, नळी पकडीने चिमटली, आणि महिनाभर कण्हणारे इंजिन एकदम ताठ होऊन बसले.

नळी टोकाशी, क्लिपच्या खालच्या अंगाला चिरली होती, आणि त्या चिरेतून हिशेबाबाहेरची हवा आत शिरत होती. धावताना गाडीला हे कसे जाणवत नाही, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, ‘लग्नाच्या पातेल्यात तांब्याभर पाणी पडलं तर आमटीला कळत नाही, साहेब. घरच्या चार वाट्यांत पडलं तर कळतं.’ उभ्या गाडीची झडप जवळपास मिटलेली असते, आत हवा मोजूनमापून जाते आणि इंजिनाचा ओढाही त्याच वेळी सर्वांत जोरदार असतो, त्यामुळे एवढीशी चीरसुद्धा सगळे मिश्रण पातळ करते. नवी नळी चाळीस रुपयांची होती आणि ती बसवायला पाच मिनिटे लागली. आधीच्या दोघांनी केलेले उपाय उतरवायला दीड तास लागला, आणि मिस्त्रींनी मजुरी त्याचीच घेतली.

दुसऱ्या दिवशी पीयूसी पहिल्याच नळीत मिळाले आणि मी ऐटीत नळ स्टॉपला येऊन थांबलो. गणपती जेमतेम डुलत होता. तेवढ्यात गाडीने सिंहगर्जना केली, आणि शेजारच्या स्कूटरवरच्या कॉलेजकुमाराने दचकून माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले, तर टाच ब्रेकवर होती आणि चवडा, सवयीने, ॲक्सिलरेटरवर.

‘आजोबा,’ तो हेल्मेटची काच वर करून म्हणाला, ‘अजून चाळीस सेकंद आहेत.’