काही करत नाही तो

आज सकाळी पावणेसातला डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही म्हणून लिहितेय. लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जा.

इंदिरानगरातली आमची गल्ली, थंडी मरणाची, मी दूध आणायला खाली उतरलेली. समोरून आठवी-नववीतला एक मुलगा सायकलवर क्लासला चाललेला, पाठीला सॅक, डोक्याला कानटोपी. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातला तो काळा धिप्पाड रॉटवायलर उघड्या गेटातून सुटला तो थेट त्याच्या पायावर. चावला नाही, मान्य. पण पोरगं घाबरून सायकलसकट आडवं झालं, कोपर सोललं, चेन उतरली आणि कुत्रा त्याच्या तोंडाशी उभा राहून गुरगुरतोय. मागून मालक आले, बर्म्युडा, कानात इअरफोन, आणि पट्टा कुठे होता माहितीये? स्वतःच्या गळ्यात! उपरण्यासारखा टाकलेला. आणि येऊन म्हणतात काय, "घाबरू नको बेटा, काही करत नाही तो."

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. दोन वर्षांपूर्वी आईला चावला होता ना टायसन नावाचा दुसरा एक कुत्रा, तेव्हा त्याचे मालकही हेच म्हणत होते. म्हणजे तो आईची पोटरी तोंडात धरून उभा असताना! "काही करत नाही हो तो, तुम्ही हलू नका फक्त." ६८ वर्षांची बाई, हातात दुधाची पिशवी, ती फुटून सगळं दूध रस्त्यावर, आणि हिने हलायचं नाही.

तेव्हा आम्हीही येडेपणा केला. शेजारच्या काकूंनी हळद दाबली आणि मी दाबू दिली. डॉक्टर जे भडकले! म्हणाले, आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-मिरची काही लावायचं नाही, शिकलेली माणसं ना तुम्ही? मग जखमेत आणि जखमेच्या कडेने रेबीजविरोधी सिरमची इंजेक्शनं. माझी आई बाळंतपणातसुद्धा ओरडली नाही म्हणे, ती त्या दिवशी ओरडली. मग त्याच दिवसापासून लसीचे पाच डोस, पहिला तिथेच, पुढचे ३, ७, १४, २८ व्या दिवशी. कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेले, अजून आहे ते कॅलेंडर. आणि एवढं सगळं चालू असताना मालकाला त्यांच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड सापडत नव्हतं. "असेल कुठेतरी घरात." अहो, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हातातून जातो, त्यावर औषध नाही, आणि तुमचं कार्ड असेल कुठेतरी?

आता कोणी तरी येणारच कमेंटमध्ये, की ताई, मोकाट कुत्री जास्त चावतात. चावतात बाबा, चावतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, तो दहा-बारा दिवसांत बदलला, तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडून रात्री दीडपर्यंत मारामारी चालली होती. पण त्या कुत्र्यांना निदान मालक नाही. ज्याला आहे, ज्याच्यासाठी हजारो रुपये मोजलेत, ज्याचे बर्थडेचे फोटो टाकता, त्याच्याबद्दल त्या रात्री एक अक्षर कोणी बोललं का?

आपल्या नाशकात बिबट्या शिरला की वनखातं जाळ्या, पिंजरा घेऊन येतं, अख्खं गाव गच्चीवर चढून व्हिडिओ काढतं. इथे रोज सकाळी तसलंच जबड्याचं जनावर गल्लीत मोकळं फिरतं आणि त्याला म्हणायचं बेटा.

आणि जातीवर बंदी घाला वगैरे मी म्हणत नाहीये. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पत्र काढलंच होतं, पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जाती, पुढे ते कोर्टात अडकलं. आईला चावलेला टायसन कुठल्या यादीतला नव्हता, साधा जर्मन शेफर्ड होता. प्रश्न हातातल्या पट्ट्याचा आहे. महापालिकेचा परवाना, दरवर्षीची लस, आणि बाहेर पडताना पट्टा, रॉकेट सायन्स आहे का हे? आणि कायदा नाही असंही नाही, भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम बघा, जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आपण "शेजारधर्म" म्हणून गप्प बसतो. मीही बसले होते.

सगळे मालक तसे नाहीत, बरं. मागच्या लेनमधले लॅब्रेडोरवाले काका आईला लांबून बघितलं तरी पट्टा आखडून रस्त्याच्या पलीकडे जातात, रोज, न सांगता. आणि मला कुत्र्यांचा राग नाही हो. माहेरी निफाडला द्राक्षबागेवर मोती होता, दिवसा साखळीला, रात्री मोकळा. एकदा तो वाटसरूवर धावून गेला तर अण्णा त्या माणसाच्या घरी जाऊन हात जोडून आले होते. चावला नव्हता, नुसता धावला होता.

टायसनवाल्यांनी काय केलं? पहिल्या दिवशी "बिल मी देतो", तिसऱ्या डोसाला फोन उचलेनात. सोसायटीत बोंब झाल्यावर चार दिवसांत कुत्रा गायब. गावी पाठवला म्हणाले. वॉचमन म्हणाला, पेठ रोडला सोडून आले गाडीतून. चार वर्षं घरात गादीवर झोपलेलं जनावर! हे ऐकून मला जास्त राग आला, खरं सांगते. चूक गेट उघडं ठेवणाऱ्याची आणि शिक्षा त्याला. नवरा-बायको अजून रोज सकाळी वॉकला येतात, मस्त.

आई मात्र तेव्हापासून पायी कुठे जात नाही. गणपतीचं देऊळ चार मिनिटांवर, तिथे रिक्षाने. भर उन्हाळ्यातही हातात मिटलेली काळी छत्री.

आजच्या त्या मुलाची चेन मीच बसवून दिली, हात काळे झाले. त्याने तोंड उघडून फक्त एवढंच विचारलं, "काकू, उद्या कुठल्या रस्त्याने जाऊ?" मालकाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. परवाना आणि लसीचं कार्ड मागितलंय, संध्याकाळपर्यंत दाखवा, नाहीतर मी अर्ज टाईप करून ठेवलाय. आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. कोणी आलेलं नाही.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. कलम, दंड, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते, "थंडी फार आहे गं. त्या टायसनला पेठ रोडला कोणी खायला घालत असेल का?"