काही झालं नव्हतं, तर उघडली कशाला?

माझ्या सायकलची लाल मूठ सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या औषधांच्या ड्रॉवरला आहे. छान दिसते, असं काकूंचं मत पडलं. छान दिसणारच. ॲल्युमिनियमची आहे.

माउंटन बाइकच्या पुढच्या शॉकॉपचे, म्हणजे फोर्कचे, खालचे दोन पाय दर ५० तासांच्या रपेटीनंतर काढायचे, पुसायचे आणि आतलं तेल बदलायचं, असं माझ्या फोर्कच्या पुस्तिकेत लिहिलंय. तास मोजायचे कोणी, ते लिहिलेलं नाही. मी आपला रविवारी सकाळी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलो. व्हिडिओतला माणूस हे काम वीस मिनिटांत उरकतो. त्याच्या पार्किंगमध्ये काका नसतात.

"काय झालं हो सायकलला?"

"काही नाही काका, सर्व्हिसिंग."

"म्हणजे बिघडलीय."

"नाही, उत्तम चाललीय."

"उत्तम चाललीय, तर उघडली कशाला?"

याला उत्तर आहे. धूळ हळूहळू सीलमधून आत शिरते, तेल काळं पडतं, आणि त्या कचकचीने वरच्या नळ्यांचा मुलामा एकदा खरवडला गेला की फडक्याने आणि तेलाने भागत नाही, नळ्याच बदलायची वेळ येते. हे सगळं मी उकिडवा बसून, मान वर करून, नीट समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते बरोबर आहे. पण उघडली कशाला?"

एवढं बोलून ते वर गेले. सुटलो म्हणेपर्यंत स्टूल घेऊन खाली आले.

मी फोर्कमधली हवा सोडली. फुस्स झाल्याबरोबर काका म्हणाले, "झालं! पंक्चर केलीत." मग उजव्या पायाच्या तळाची लाल मूठ ओढून काढली. दाबला गेलेला फोर्क किती वेगाने परत वर यावा, म्हणजे त्याचा रिबाउंड, ते या मुठीने ठरतं. बोटभर लांबीची षटकोनी दांडी आणि तिच्या टोकाला बटण, एवढाच ऐवज. शेजारी पायावर एक ससा आणि एक कासव काढलेलं असतं. काका चष्मा सरसावून वाकले.

"हे लहान मुलांचं आहे का?"

"नाही काका. सशाकडे फिरवलं की फोर्क झटकन परत येतो, कासवाकडे फिरवलं की सावकाश."

"मग कासवाकडेच ठेवायचं. शेवटी तेच जिंकतं."

मी खरं तर मूठ काढण्याआधी ती फिरवून किती टिचक्या होतात ते मोजून ठेवलं होतं, म्हणजे नंतर मूठ होती तिथेच आणता आली असती. आकडा सशाबरोबर गेला.

पुढचा भाग हसण्यासारखा नाही. पुस्तिकेत लिहिलंय, तळाचा बोल्ट सैल करा. सैल करा! बोल्ट फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर फिरत राहते, आणि आटे अर्धा मिलिमीटरही सुटत नाहीत. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या हातून असा बोल्ट कधी गेलेलाच नसावा. मी पाऊण तास घाम गाळला. काका म्हणाले, "मी पाय खाली ओढून धरतो, तुम्ही फिरवा." त्यांनी ओढलं, मी फिरवलं, बोल्ट सुटला. त्यांचं बरोबर निघालं, हे मला आजही सहन होत नाही.

मग बोल्ट दोन-तीन आटे तसाच ठेवून डोक्यावर रबरी हातोडी मारायची असते, म्हणजे आतली दांडी पायापासून सुटते. "आत्ताच नाजूक वस्तू म्हणालात ना?" काका. मी हातोडी मारली. "जोरात मारा." काका. मी मारली. "एवढ्या जोरात नाही हो." हेही काकाच.

शेवटी पाय निघाले आणि वर्तमानपत्रावर जेमतेम दोन चमचे काळपट पाणी सांडलं. काकांचा चेहरा पडला. तासाभराच्या बैठकीनंतर त्यांना किमान बादलीभर तेलाची अपेक्षा होती.

१९८९मध्ये पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स ही कंपनी सुरू केली आणि आरएस-१ हा फोर्क बाजारात आणला. त्याआधी बहुतेक माउंटन बाइकना पुढे साधा ताठ फोर्क असायचा आणि शॉकॉपचं काम माणसाची कोपरं करायची. कोपरांचं तेल बदलावं लागत नाही. त्यांना वायसरही लागत नाहीत, जे एकदा दाबले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत म्हणतात.

आणि तेलाचं तर विचारूच नका. माझ्या फोर्कला एका पायात १० मिलिलिटर, म्हणजे दोन्ही मिळून २०. मला मिळाली ती बाटली एक लिटरची. हिशेब केला: ५० सर्व्हिसिंग, प्रत्येकी ५० तास, एकूण २५०० तास. मी आठवड्याला दोन तास सायकल चालवतो. बाटली संपायला चोवीस वर्षं लागतील. शिवाय डॅम्परचं, म्हणजे फोर्कची उसळी आवरणाऱ्या आतल्या भागाचं, तेल वेगळं आणि सीलला लावायचं ग्रीस आणखी तिसरं. कपाटात आता कपड्यांना जागा नाही.

तर, स्पंजच्या कड्या तेलात भिजवून बसवल्या, पाय अर्धे चढवले, फोर्क उलटा धरला, सिरिंजने तेल सोडलं ("सुई नाही का याला?"), नवे वायसर घालून बोल्ट आवळले, हवा भरली. लाल मूठ बसवायला हात मागे नेला. मूठ नाही.

गुडघ्यांवर रांगत, टॉर्च घेऊन, शेजारच्या तीन गाड्यांखाली शोधली. काका केव्हाच वर गेले होते. संध्याकाळी, कुणाला दिसली का म्हणून, त्यांची बेल वाजवली.

"अहो, ती? मला वाटलं उरलेली आहे. दुरुस्तीत काहीतरी उरतंच." ड्रॉवरची मूठ वर्षभरापूर्वी तुटली होती, तिथल्या भोकात दांडी बरोबर गेली होती आणि आतून दोऱ्याने बांधली होती. काकूंनी ड्रॉवर दोनदा उघडून दाखवला. बीपीच्या गोळ्या आत होत्या. आता त्यावर मी काय बोलणार?

सध्या मी रिबाउंड ॲलन कीने फिरवतो. काल जिन्यात काका भेटले. म्हणाले, ड्रॉवर थोडा करकरतोय, तुमच्या त्या बाटलीतलं थोडं तेल द्या.

दिलं. चोवीस वर्षं पुरणार आहे.