वटवाघूळ आंधळं नसतं, आणि रडारही त्याच्यावरून सुचलं नाही

‘वटवाघूळ जन्मतः आंधळं असतं. ते फक्त प्रतिध्वनीच्या जोरावर उडतं आणि घर गाठतं. म्हणूनच काळोखात ते कशालाही धडकत नाही. त्याच्यावरूनच माणसाला रडार सुचलं!’ हा मजकूर हात जोडलेल्या चित्रासकट ग्रुपांमधून फिरत असतो. यात प्रतिध्वनीचा भाग अर्धा खरा आहे. बाकी सगळं त्याच्या आडोशाने खपून जातं.

आधी डोळे. वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती माहीत आहेत, त्यांतली एकही आंधळी नाही. आपल्याकडे वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारं मोठं, फळं खाणारं वटवाघूळ जरा निरखून पाहा: कोल्ह्यासारखं तोंड आणि टपोरे डोळे. ते प्रतिध्वनी वापरतच नाही, डोळे आणि नाक यांवरच त्याचं भागतं. म्हणजे गावात सर्वांच्या ओळखीचं जे वटवाघूळ, त्यालाच हा फॉरवर्ड लागू पडत नाही. गैरसमजाचं मूळ जुनं आहे. १७९० च्या दशकात इटलीच्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने दाखवलं की डोळे निकामी केले तरी वटवाघळं नीट उडतात, आणि कान बंद केले की आपटतात. डोळ्यांवाचून अडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी मात्र वटवाघळाला आंधळंच ठरवून टाकलं.

‘कशालाही धडकत नाही’ हेही चूक. काचेसारख्या गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर तिरका पडलेला आवाज मागे न येता पुढेच निसटतो, त्यामुळे वटवाघळाला तिथे मोकळी वाट आहे असं वाटतं. २०१७ साली जर्मन संशोधकांनी अंधाऱ्या बोगद्यात अशी पाटी लावून पाहिली आणि बहुतेक वटवाघळं तिच्यावर आपटली.

रडारचं तर सालच जुळत नाही. जर्मनीच्या ह्युल्समायरने रेडिओलहरींनी जहाज ओळखण्याचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं, ब्रिटनमध्ये वॉटसन-वॉट यांनी विमान टिपून दाखवलं १९३५ मध्ये. वटवाघळं माणसाला ऐकू न येणारा आवाज काढतात हे ग्रिफिन आणि पीअर्स या अमेरिकी संशोधकांना उमगलं १९३८ मध्ये. न्यायाने सांगायचं तर टायटॅनिक बुडाल्यावर, १९१२ मध्ये, हायरम मॅक्सिम या संशोधकाने वटवाघळावरून जहाजांसाठी एक यंत्र सुचवलं होतं. पण वटवाघूळ वापरतं तो आवाज पंखांचा, खर्जातला, असं तो समजत होता. रडारची वाट तिथून निघालेली नाही.

आता घर गाठण्याचा मुद्दा, आणि खरी गंमत इथेच आहे. इतका उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. छोटा किडा वटवाघळाला जेमतेम काही मीटरांवरून कळतो. मग कित्येक किलोमीटरवरचं झाड ते प्रतिध्वनीवर कसं शोधणार? इस्रायलमध्ये फळं खाणाऱ्या वटवाघळांना छोटे जीपीएस बसवले गेले. ही जात जीभ टिचकावून प्रतिध्वनीही वापरते, तरी ती उंचावरून जवळजवळ सरळ रेषेत जाऊन, वाटेतली फळझाडं सोडून, रोज त्याच झाडावर उतरत होती. ४४ किलोमीटर दूर नेऊन सोडली तरी परतली. मग काहींना ८४ किलोमीटरवरच्या खोल दरीच्या तळाशी सोडलं. ती आधी गोंधळून घिरट्या घालत राहिली. दरीच्या काठावरून सोडलेली मात्र लगेच घराच्या दिशेला लागली. उंचावरून दूरच्या खुणा दिसणं हाच यातला फरक, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं.

अशा खुणांचा नकाशा मेंदूत कसा असतो, याचाही थोडा पत्ता लागलाय. विशिष्ट जागी आल्यावरच पेटणाऱ्या मेंदूपेशी १९७१ मध्ये जॉन ओकीफने उंदरांत दाखवल्या, पण ते उंदीर जमिनीवर पळत होते. २०१३ मध्ये यार्त्सेव्ह आणि उलानोव्स्की यांनी उडत्या वटवाघळाच्या मेंदूतून बिनतारी नोंदी घेतल्या. तिथे प्रत्येक पेशी खोलीतल्या साधारण गोलाकार जागेपुरती पेटत होती, आणि तिला उंचीची जाण लांबी-रुंदीइतकीच बारीक होती.