निक वाइल्डच्या नावावर खपवलेला कोल्हा

‘कोल्हा आयुष्यभर एकाच मादीशी एकनिष्ठ राहतो. मादी मेली तर नर उरलेलं आयुष्य एकटा काढतो. नर मेला तर मादी मात्र दुसरा शोधते. उगाच नाही निक वाइल्ड सगळ्यांना आवडत!’ हा मजकूर इंग्रजीत कित्येक वर्षं फिरतोय. आता त्याचा मराठी अवतार निघालाय, खाली आणखी चार ‘तथ्यं’ चिकटवून आणि शेवटी लाल बदाम ठेवून. ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी अंगठा दाखवून मोकळा झालो होतो. पण शेवटचा मुद्दा होता ‘कोल्हा आता पाळीव झालाय, घरात कुत्र्यासारखा राहतो’. तो वाचून भाचीने ‘मामा, आपण एक आणूया ना’ असा धोशा लावला. त्यात ताईच्या ओळखीतल्या कुणीतरी कळवलं, ‘आमच्या माळावर बीळ आहे, पिल्लू काढून देतो.’ आता मात्र बोलणं भाग आहे.

निक वाइल्डबद्दल माझी काही तक्रार नाही. २०१६च्या ‘झूटोपिया’ या कार्टून चित्रपटातला हा लाल कोल्हा मलाही आवडतो. मोठी आइसकँडी विकत घ्यायची, वितळवायची, तिच्या छोट्या कांड्या गोठवून लेमिंगांना, म्हणजे उंदरासारख्या छोट्या जनावरांना, विकायच्या, हा त्याचा धंदा तर फर्मास आहे. पण तो टाय लावतो, दोन पायांवर चालतो आणि शेवटी पोलिसात भरती होतो. तो माणूस आहे. त्याच्या स्वभावावरून रानातल्या जनावराचा दाखला कसला देता?

आधी ती एकनिष्ठा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या कोल्ह्यांवर स्टीफन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून काम केलंय. शहरी कोल्ह्यांचा इतका दीर्घ अभ्यास जगात क्वचितच झाला असेल. त्यांनी तिथल्या कोल्ह्यांचा डीएनए तपासला आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. एकाच आईच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघाले. काही बाप तर त्या कळपातलेही नव्हते, शेजारच्या हद्दीतून येऊन गेलेले. नरही अनेक माद्यांकडे जातात, माद्याही अनेक नरांकडे. कोल्हे एवढ्या दाटीने राहत नाहीत तिथे चित्र थोडं वेगळं असू शकतं, पण ‘आयुष्यभर एकच’ हा नियम तिथेच निकालात निघाला.

मग लोकांना जोडी दिसते ती कुठली? मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भधारणेचे दिवस असतात जेमतेम तीन. त्या काळात नर तिच्या मागून हलत नाही, कारण हलला तर दुसरा येईल. याला पहारा म्हणतात. बदाम कसला पाठवताय?

आणि ‘आयुष्यभर’ म्हणजे तरी किती? रानात किंवा शहरात मोकळ्या राहणाऱ्या लाल कोल्ह्यांपैकी बहुतेक दोन-तीन वर्षांच्या आतच गाडीखाली, गोळीने नाहीतर खरजेने मरतात. ब्रिस्टलमध्येच १९९४ साली खरजेची साथ आली आणि दोनेक वर्षांत शहरातले ९५ टक्क्यांहून अधिक कोल्हे संपले. अशा जनावराच्या विधुरपणाची नोंद कुणी, कुठे बसून ठेवली, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं. शिवाय नर मेला की मादी लगेच दुसरा करते हा टोमणा कोल्हिणीला नाही, बायकांना मारलाय. ग्रुपवरच्या बायकांनीच तो पुढे पाठवावा, याला काय म्हणायचं!

एक मात्र मान्य. बाप म्हणून नर कामाचा असतो. पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात आणि स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाहीत. मादीला बीळ सोडता येत नाही, तेव्हा बहुधा नरच तिला खायला आणून देतो. एवढं खरं आहे, आणि तेवढंच लिहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

‘कोल्हा गरजेपेक्षा जास्त मारत नाही’ हे तर खुराडं ज्याच्या घरी आहे त्याला सांगून बघा. पळायला जागा नसलेल्या कोंबड्या दिसल्या की तो हाताला लागतील तेवढ्या मारतो. त्यात दुष्टपणा नाही, जमेल तेवढं पुरून ठेवायची सवय आहे. ‘कोल्ह्याच्या डोक्यात जीपीएस असतं’ याच्या मुळाशी चेक प्रजासत्ताकातला २०११चा एक अभ्यास आहे. उंच गवतात किंवा बर्फाखाली लपलेल्या उंदरावर ईशान्येच्या दिशेने घेतलेल्या उड्या बऱ्याच जास्त यशस्वी ठरल्या, म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मदत होत असावी असा तर्क त्यात मांडलाय. भन्नाट तर्क आहे, पण तर्कच आहे. ‘कुत्र्याच्या कुळात मांजर’ हेही अर्धं खरं, डोळ्याची उभी बाहुली आणि झडप मांजरासारखी. बरं, पुढे.

आता ‘पाळीव झालाय’. याला आधार म्हणून रशियाचं नाव घेतात. सैबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये प्रयोग सुरू केला आणि त्यांच्यामागे ल्युदमिला त्रूत यांनी तो चालवला, हे अगदी खरं. पण तो प्रयोग काय होता ते कुणी वाचत नाही. तिथे आणलेले कोल्हे जंगलातले नव्हतेच. फरच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले रुपेरी कोल्हे होते ते, आणि त्या फार्मांचं मूळ कॅनडातलं. दर पिढीत माणसाला सगळ्यात कमी बिचकणारे मोजके निवडायचे, फक्त त्यांचीच पैदास करायची. असं करत दहाव्या पिढीला माणसाच्या मागे शेपूट हलवत येणारे निघाले १८ टक्के, विसाव्या पिढीला ३५ टक्के. चाळीस वर्षांत सुमारे ४५,००० कोल्हे त्यात लागले.

म्हणजे मायेने बाटलीतून दूध पाजून तिथे कोल्हा पाळीव झालेला नाही. बिळातून काढलेलं पिल्लू तुम्ही कितीही लाडाने वाढवा, ते पहिल्या पिढीचं रानटी जनावरच राहतं. दोन महिने गोड दिसतं. मग वयात आलं की घरभर मुतून हद्द आखतं, आणि त्या मुताचा उग्र दर्प फरशी धुऊन जात नाही. शेपटीच्या बुडाजवळ वासाची आणखी एक ग्रंथी असते. सोफा उकरतं. अनोळखी माणूस आला की कपाटामागे दडतं, हात घातला की चावतं. आणि चावलं की रेबीजच्या इंजेक्शनांसाठी सरकारी दवाखान्याची रांग.

शिवाय आणणार काय? मजकुरातला फोटो लाल कोल्ह्याचा आहे. आपल्या देशात तो हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या पट्ट्यात सापडतो. सोलापूर, पुणे, नगरकडच्या माळावर असतं ते खोकड, कोल्ह्याचाच छोटा भाऊबंद, दोन-चार किलोचं, शेपटीचं टोक काळं. उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, बोरं यांवर जगतं. निम्मा माळ नांगरला गेला, उरलेल्यावर झाडं लावायची हौस आहे, म्हणजे त्याचा उघडा माळ तिथेही संपला, आणि आता त्याच्या बिळात कुदळ घालायची? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे हा संरक्षित प्राणी आहे आणि कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे, पकडणंही आलं. तुरुंगाची तरतूद आहे. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याने पिल्लासोबत रील टाकायचा मोह आवरून दाखवावा.

असली हौस नवी नाही. झूटोपियात निकसोबत फिनिक नावाचा छोटा फेनेक कोल्हा आहे. चित्रपट आल्यावर चीनमध्ये फेनेक पाळायची टूम निघाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. सहाराच्या वाळूतलं, रात्री जागणारं जनावर शहरातल्या फ्लॅटमध्ये! ज्या चित्रपटात कोल्ह्याला त्याच्या जातीवरून ओळखू नका असं सांगितलंय, तो बघून लोक त्याला पिंजऱ्यात घालायला निघाले.

तेव्हा ताई, त्या बीळवाल्याला नको म्हणून कळव, आणि कुदळ घेऊन निघालाच असेल तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, मी स्वतः फोन करीन. पिल्लं बिळाबाहेर एकटी दिसली म्हणजे ती अनाथ नसतात, आईबाप खाणं शोधायला गेलेले असतात. भाचीला पाळायचंच असेल तर गावात कुत्र्याची पिल्लं हवी तेवढी आहेत. मात्र त्याला रेबीजसोबत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचीही लस टोचून घे. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांकडून हे रोग खोकडांपर्यंत पोचतात, आणि माळावर त्यांना लस द्यायला कुणी जात नाही.