पगार वाढवला की दुर्गम भागातले समुपदेशक टिकतील?

"दुर्गम भागात मानसिक आरोग्याचं काम करणारे टिकत नाहीत, कारण पगार कमी. पगार वाढवा, ठराविक मुदत काम करण्याचा बाँड लिहून घ्या. ज्यांना झेपत नाही त्यांनी या क्षेत्रात येऊच नये. आणि कुणीच थांबलं नाही तरी व्हिडिओ कॉल आहेच." असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून धोरण आखलं तर नुकसान रुग्णांचं होईल.

आधी पगार. तो पुरेसा आणि वेळेवर हवा, यात वादच नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याबद्दल २०१० मध्ये शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यात आर्थिक लाभ हा चारांपैकी एक भाग आहे. बाकीचे तीन म्हणजे शिक्षण, नियम, आणि वैयक्तिक व व्यावसायिक आधार. हे सगळं एकत्र द्या, असं त्या सांगतात. आपल्याकडच्या चर्चेत शेवटच्या भागाचं नावही निघत नाही.

तो आधार नसला की काय होतं? एका छोट्या वस्तीत एकटीच समुपदेशक आहे असं समजा. तिच्याकडे नियमित येणारा एक तरुण आत्महत्या करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नेहमीचे रुग्ण बसलेले असतात. रस्त्यात त्या मुलाची आई भेटते. शेजारी विचारतात, "नेमकं काय झालं होतं हो त्याला?" गोपनीयता पाळायची म्हणून ती काहीच बोलू शकत नाही. मोठ्या रुग्णालयात अशा दिवशी सहकारी तिचे रुग्ण बघतात, वरिष्ठ तिच्यासोबत बसून केसचा आढावा घेतात. इथे "माझ्याकडून काही सुटलं का?" हे विचारायलाही कुणी नाही. पुढे ती राजीनामा देते आणि कारण लिहिते: 'वैयक्तिक'. ते वाचून पगार कमी पडला असेल असा अंदाज बांधला जातो. जाणाऱ्या माणसाशी शांतपणे बोलायची तसदी सहसा कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'झेपत नाही' या शेऱ्याचंही उत्तर यातच आहे. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउटचा, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याचा, संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाशी जोडलेला आहे. तो ताण हाताळणं ही नेमणूक करणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

बाँडने माणूस मुदतीपुरता थांबतो. कित्येक महिन्यांनी कुठे एखादा रुग्ण मोकळेपणाने बोलायला लागतो, आणि तेवढ्यात समोरची व्यक्ती बदलते. मग त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. अनेकजण सांगत नाहीत, यायचंच बंद करतात. सक्तीची सेवा असेल तर कर्मचाऱ्याचे हक्क जपा आणि सोबत आधार द्या, असं २०२१ च्या शिफारशीही बजावतात.

राहिला व्हिडिओ कॉल. तो उपयोगी आहेच. पण गोळ्या बंद करून घरात कोंडून घेतलेल्या माणसाच्या दारापर्यंत कुणीतरी चालतच जावं लागतं. शिवाय एकाच खोलीत सगळं कुटुंब असताना, ज्याच्याबद्दल बोलायचं तोच शेजारी बसलेला असतो. दूरसंवादाचा याहून चांगला वापर डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट इको'ने दाखवला. सुरुवात हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या उपचारांपासून झाली. दूरवरचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर तज्ज्ञांसमोर आपल्या केस मांडतात, एकमेकांच्या केसमधून शिकतात, आणि रुग्ण या दूरवरच्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली राहतो. मानसिक आरोग्याच्या कामातही ही पद्धत वापरली जाते.

त्यामुळे पद मंजूर करतानाच काही गोष्टी लेखी ठरायला हव्यात: सुपरव्हिजनची, म्हणजे वरिष्ठांसोबत केसचा आढावा घेण्याची, दर आठवड्याची राखीव वेळ, रजेवर गेल्यावर बदली कर्मचारी, रुग्णाच्या मृत्यूनंतर लगेच मिळणारी मदत, आणि बढतीसाठी शहरात परतावं लागणार नाही याची हमी. शक्य तिथे एकाच केंद्रावर दोघांना नेमावं. आणि पगारवाढीची मागणी करणाऱ्यांनी या बाबीही त्याच अर्जात लिहाव्यात.