व्याजातले कष्ट आणि मुद्दलातले कष्ट

सकाळी सकाळी परत तेच रील आलं, रोज एक टक्का सुधारा म्हणजे वर्षाने तुम्ही ३७ पट व्हाल. आता गणित बरोबर आहे हां, १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, मी अकाउंट्सवाली आहे, चहा गार होईपर्यंत कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. पण माणूस म्हणजे काय एफडी आहे का? आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राउंडला रोज एक राउंड वाढवत नेलं तर वर्षाने ३७ पट पळत नाही कोणी, गुडघा धरून बाकावर बसतो. चक्रवाढ माझ्या आयुष्यात मनापासून काम करते ती एकाच ठिकाणी, होम लोनमध्ये, आणि तिथेही ती माझ्या बाजूने नाहीये.

२०१९ ला आम्ही पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतला. लोन २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २१,६९६. वर्षभर एकही हप्ता न चुकवता भरला आणि मग एका रविवारी स्टेटमेंट उघडलं. भरले होते २ लाख ६० हजार आणि मुद्दल कमी झालं होतं ५० हजारसुद्धा नाही! पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजात गेलेले, मुद्दलात जेमतेम ४ हजार. हे असंच असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, ऑफिसात दुसऱ्यांना मीच समजावून सांगते, पण स्वतःच्या नावापुढे ते आकडे बघितल्यावर जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मग ठरवलं, दर महिन्याला दोन हजार जास्तीचे भरायचे. तेवढेच निघत होते, एक भिशी संपली होती ती परत लावली नाही. नवरा म्हणाला, अगं २५ लाखात दोन हजार म्हणजे दर्या में खसखस. वरवर बघितलं तर खरंच आहे, हप्त्याच्या दहा टक्केसुद्धा नाहीत. पण हप्त्यातले ४ हजारच मुद्दलात जातात ना, आणि माझे दोन हजार सगळेच्या सगळे मुद्दलात, म्हणजे ४ चे ६ झाले, दीडपट! पहिल्या महिन्यापासून असं केलं आणि दर तोच राहिला तर २४० च्या ऐवजी साधारण १९५ हप्त्यांत लोन संपतं, व्याजाचे पावणेसहा लाखांच्या वर वाचतात. (जाता जाता, फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे दर वर-खाली होणाऱ्या होम लोनला असे जास्तीचे पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि हप्ता कमी करू की मुदत असं विचारलं तर मुदत सांगा.)

तेव्हापासून मला सगळीकडे हेच दिसतं, व्याजात जाणारे कष्ट आणि मुद्दलात जाणारे कष्ट. माझा भाचा एमपीएससी करतो, अभ्यासिकेत दहा तास बसतो, चार रंगाच्या पेनांनी टाइमटेबल, टेलिग्रामवर बारा ग्रुप, टॉपरचे इंटरव्ह्यू. थकतो बिचारा, खोटं नाही. पण मागच्या वर्षीच्या पेपरमधले वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवले का रे म्हणलं की मान खाली. आमच्या ह्यांनी पळायला सुरुवात केली तेव्हा आधी बूट, मग घड्याळ, मग ग्रुपचा टीशर्ट, पळाले किती ते विचारू नका, पोस्ट तेही वाचतात. लोक "रोज थोडं थोडं करा" सांगतात पण ते थोडं नक्की कशात जातंय हे कोणी विचारत नाही. माझ्या मते कितीपेक्षा कशात हाच प्रश्न मोठा आहे. पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा.

माझे मामा दिंडोरीकडे द्राक्षवाले. मागच्या एप्रिलमध्ये गेले तर बाग बोडकी, खरड छाटणी म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी झालेली, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे जाड हात. मी म्हणलं मामा, आता ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपर्यंत, तुम्ही मोकळे. असे हसले! म्हणे, "अगं बाई, पुढच्या वर्षीचा घड आत्ता ह्या उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात तयार होतो. दिसत नाही कोणाला. आत्ता पाणी-खतात हयगय केली तर ऑक्टोबरला छाटून डोळे फुटले तरी घड जिरतात, मग पळा औषधाच्या दुकानात." मी पन्नासदा द्राक्षं खाल्ली त्यांच्याकडे, पण उन्हाळ्यातले हे न दिसणारे कष्टच मुद्दलातले, हे माहीतच नव्हतं.

आता माझ्या लोनचं सगळं गोडगोड झालं असं वाटेल, तर नाही. २०२२ च्या मे पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि त्याच्या मागे लोनचा दरही वाढला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवून टाकली, मी एकेक करून कमी केलेल्या महिन्यांतले बरेचसे परत येऊन चिकटले. एसएमएस वाचून इतकी चिडले की त्या महिन्यात दोन हजार भरलेच नाहीत, सिटी सेंटर मॉलला जाऊन ड्रेस घेतला. नंतर आईचं ऑपरेशन झालं तेव्हा सलग पाच महिने काहीच भरलं नाही. सहाव्या महिन्यात वाटलं आता मागचे दहा आणि हे दोन असे बारा हजार भरायला पाहिजेत, ते काही जमेना, म्हणून सातव्यालाही भरले नाहीत. म्हणजे मला पाच महिने आईच्या आजारपणाने थांबवलं आणि पुढचे दोन माझ्याच बॅकलॉगने. शेवटी ठरवलं की राहिलं ते राहिलं, ह्या महिन्याचे फक्त दोन हजार. भाच्यालाही हेच सांगते, काल नाही झाले म्हणून आज चाळीस प्रश्न नाही सोडवायचे, वीसच.

हप्त्यात अजून व्याजच मोठं आहे, मुद्दल त्याला गाठायचंय. दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार टाकते आणि राहिलेल्या मुद्दलाचा तो एक आकडा बघते. ह्या वेळी नवऱ्याने हळूच विचारलं, किती राहिलंय गं? सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हणलं, आधी सांगा आज पळालात किती.